टाक्यांनंतरचे सहा आठवडे

आज शहरांत ‘टाइटनिंग’ म्हणून जी जाहिरात चालते, तिचं मूळ ‘अंग बाहेर येणे’ या कुजबुजत सांगितल्या जाणाऱ्या दुखण्याच्या उपचारात आहे. मँचेस्टरच्या आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ मध्ये सैल योनिभित्ती शिवायला सुरुवात केली. पुढे त्या पद्धतीत गर्भाशयाचं मुख कापत. मग बाळंतपण अवघड. गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी मुंबईत ते मुख राखून दाखवलं. केवढी मोठी गोष्ट!

शस्त्रक्रियेनंतर बसताना टाके ओढतात, तेही हळूहळू सरतं. पण सुमारे सहा आठवडे ओझं उचलायचं नाही. आता धडगावच्या पाड्यावर झऱ्याचं पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईनं काय करावं? तेवढे दिवस हंडा कोणी उचलला, ही नोंद आम्हांला कुठल्याच वैद्यकीय ग्रंथात सापडली नाही.