तिसरा हायड्रोमीटर

परवा रात्री चुलतभावाचा फोन आला. दादा गेली बरीच वर्षं इंग्लंडात आहे आणि लॉकडाऊनपासून घरच्या गॅरेजमध्ये बीअर बनवतो. आवाज पडलेला. मला वाटलं काहीतरी गंभीर झालंय.

"फुटला रे. तिसरा."

तिसरा म्हणजे तिसरा हायड्रोमीटर. धुताना नळाला टेकला आणि खळ्ळकन गेला. पहिला ओट्यावरून गडगडत खाली गेला होता. दुसरा थेट वीस लिटरच्या पिंपात फुटला, काचा आणि आतले छर्रे सगळे बीअरमध्ये. ते अख्खं पिंप मोरीत ओतावं लागलं. घरी बीअर करणाऱ्यांमध्ये म्हणे पद्धतच आहे, हायड्रोमीटर घ्यायचा तर दोन घ्यायचे, एक वापरायला आणि एक फोडायला :-)

दादाचा प्रश्न साधा होता. माणूस चंद्रावर जाऊन आला, मग ही काडी अजून काचेची का?

शनिवार-रविवार मी केडगावला घरी होतो. (पंडिता रमाबाईंचं केडगाव ते दौंड तालुक्यातलं. आमचं नगरचं, रेणुकामातेचं.) वेळ होता, म्हणून जरा खोदकाम केलं. उत्तर शेवटी घरातल्याच कपाटात सापडलं, पण ते नंतर.

आधी ही वस्तू काय आहे ते. खाली फुगीर नळी, तळाशी वजनाला छर्रे, वर बारीक दांडी आणि दांडीच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. दाट द्रवात कमी बुडते, पातळ द्रवात जास्त. आर्किमिडीजचा नियम, बाकी काही नाही. बीअर आंबायच्या आधी रसात साखर असते, समजा आकडा 1.050. यीस्टने साखर खाल्ली की तो 1.010 वर येतो. फरक 0.040, त्याला 131.25 ने गुणलं की अंदाजे सव्वापाच टक्के अल्कोहोल. दादाच्या भाषेत सांगायचं तर हायड्रोमीटर नसेल तर तुम्ही बीअर करत नाही, नुसते नवस करता.

कल्पना फार जुनी आहे. इ. स. 400 च्या सुमारास सायनेसियस नावाच्या गृहस्थाने अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला पत्र लिहून असंच एक तरंगणारं मापक मागवलं होतं. पण बीअरवाल्यांनी त्याला हात लावायला अठरावं शतक उजाडलं. इंग्लंडातल्या ऑल्टन गावचा जेम्स बॅव्हरस्टॉक घरच्याच ब्रुअरीत काम करायचा. थर्मामीटर वापरायचा तर बापापासून लपवून! पिढ्यान्पिढ्या बोट बुडवून आणि जिभेला लावून चाललंय, त्यात ही काचेची थेरं कशाला, असा वडिलांचा खाक्या. 1770 च्या आसपास त्याने हायड्रोमीटर लंडनच्या बड्या ब्रुअरांना दाखवला. सॅम्युअल व्हिटब्रेडने त्याला वाटेला लावलं. हेन्री थ्रेलने मात्र रस घेतला.

मग 1784 मध्ये हल गावच्या जॉन रिचर्डसनने या मापनावर पुस्तकच काढलं, आणि गंमत झाली. स्वस्तातलं तपकिरी माल्ट परवडतं असं सगळे समजत होते. मापल्यावर कळलं की महागड्या फिक्या माल्टमधून पैशामागे जास्त साखर निघते. ब्रुअर फिक्या माल्टकडे वळले आणि पोर्टर नावाच्या लोकप्रिय बीअरची पाककृतीच बदलली. एका तरंगत्या नळीने शे-दोनशे वर्षांची 'अनुभवाची गोष्ट' मोडीत काढली.

जिथे मोजता येतं तिथे कर येतोच. दारूसाठी ब्रिटिश सरकारने 1816 च्या कायद्याने बार्थोलोम्यू साइक्सचा हायड्रोमीटर अधिकृत केला. 1880 मध्ये ग्लॅडस्टनने बीअरवरचा कर रसाच्या घनतेला जोडला, तो तसा 1993 पर्यंत चालला. घरी बीअर करायचं लायसन तिथे 1963 मध्ये रद्द झालं, म्हणून दादा सुखात आहे. (आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. विनापरवाना घरी काही आंबवत बसू नका.)

साइक्सचं यंत्र इंग्रजांबरोबर इकडेही आलं. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा झाला. हळूहळू गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या बंद होऊन दारू मोठ्या डिस्टिलऱ्यांत गेली आणि कर 'प्रूफ'वर बसू लागला. हे सगळं इतिहासजमा झालं असं वाटत असेल तर आपल्याकडच्या रमच्या किंवा व्हिस्कीच्या बाटलीवर बघा. 42.8 टक्के. असला विचित्र आकडा कुठून आला? साइक्सच्या हिशोबात शंभर प्रूफ म्हणजे सुमारे 57.1 टक्के अल्कोहोल. त्याचे पंचाहत्तर टक्के काढा, 42.8 येतात. ब्रिटनने ती पद्धत 1980 मध्ये सोडली, आपण अजून तिच्याच हिशोबाने पितो.

आता दादाच्या प्रश्नाकडे. साइक्सचा हायड्रोमीटर काचेचा नव्हताच, पितळी होता. कर गोळा करत गावोगाव फिरणाऱ्या माणसाला काच परवडत नाही. पडला तरी फुटत नाही, पण पोचा पडतो. पोचा पडला की आकारमान घटतं, यंत्र जास्त बुडतं आणि दारू आहे त्यापेक्षा कडक दिसते. कर जास्त लागतो. यंत्र मात्र बिघडल्यासारखं दिसत नाही, पुढची कित्येक वर्षं ते आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देत राहतं.

आमच्या धंद्यात दोन प्रकारचे बग असतात. एक प्रोग्रॅम धाडकन बंद पाडतो. शिव्या पडतात, पण तासाभरात सापडतो. दुसरा काहीच बंद पाडत नाही, नुसता तिसऱ्या दशांशात चुकीचं उत्तर देत राहतो. तो सापडतो तेव्हा वर्ष गेलेलं असतं आणि बिलं पाठवून झालेली असतात. काच पहिल्या जातीची, पितळ दुसऱ्या.

इथवर लिहून मी खूश होतो. मग आईने कपाटातला स्टीलचा उभा डबा काढून समोर ठेवला. आत फडक्यात गुंडाळलेला आप्पांचा लॅक्टोमीटर. आप्पा म्हणजे आमचे आजोबा.

लॅक्टोमीटर हा हायड्रोमीटरच, फक्त दुधाचा. गाईच्या चांगल्या दुधाला साधारण 28 ते 32 डिग्री लागते. दहा टक्के पाणी घातलं की अंदाजे तीन डिग्री उतरते. तो अर्धवट साक्षीदार आहे, कारण साय काढली की डिग्री वाढते आणि मग पाणी घालून ती परत बरोबर करता येते. म्हणून 1890 मध्ये अमेरिकेत बॅबकॉकने आणि पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्ये गर्बरने फॅट मोजायची पद्धत काढली. पण डिग्री सुटली नाही. एसएनएफ काढताना डिग्रीला चाराने भागतात. म्हणजे तीन डिग्री घसरली की एसएनएफ पाऊण टक्का घसरतो आणि दर पडतो.

मी चौथीत असेन. आप्पा दोन जर्सी गाईंचं दूध केंद्रावर घालायचे. अचानक डिग्री 26 लागायला लागली. महिना-दीड महिना. दुधाचा पगार कमी आला ते एकवेळ चाललं असतं, पण रांगेत चार माणसांसमोर 'आप्पा, पाणी जरा बेतानं' असं ऐकायला लागलं. माळकरी माणूस तो. पुढे किटली घेऊन जायचं काम वडिलांकडे आलं. आप्पा जाईनात.

मग एका सकाळी केंद्रावरच्या पोराच्या हातून गरम पाण्यात धुताना लॅक्टोमीटर फुटला. दुपारी नगरातून नवा आणला. दुसऱ्या दिवशी आमच्या दुधाला 29 लागली. रांगेतल्या सगळ्यांचीच दोन-तीन डिग्रीने वाढली.

आप्पा स्वतः गेले आणि जुन्याच्या काचा मागून घेतल्या. दांडीच्या तुकड्यात कागदी पट्टी होती, आणि पट्टीच्या वर, काही मिलिमीटर अंतरावर, वाळक्या डिंकाचा पिवळा डाग. रोज गरम पाण्याने धुऊन डिंक सुटला होता आणि पट्टी खाली सरकली होती. लॅक्टोमीटरचे आकडे वरून खाली वाढत जातात. पट्टी खाली सरकली की प्रत्येकाचं दूध पाणीदार. मागचे पैसे मिळाले नाहीत, कुणी चुकलं असंही म्हणालं नाही. आप्पांनी स्वतःचा लॅक्टोमीटर विकत घेतला आणि शेवटपर्यंत घरी मोजूनच दूध पाठवलं.

म्हणजे माझा काच-पितळ सिद्धांत अर्धाच बरोबर. काच खोटं बोलत नाही, पण तिच्या पोटातला कागद बोलू शकतो. आणि ते दीड महिना का सापडलं नाही, तेही त्या दिवशी डबा हातात घेतल्यावर कळलं. आप्पांच्या लॅक्टोमीटरची पट्टी 15 पासून सुरू होते. साध्या पाण्यात सोडला तर आकडे संपून पार बुडतो. ताडून बघायला दुसरा लॅक्टोमीटर लागतो, आणि दुसरा असणार केंद्राकडेच, शेतकऱ्याकडे कुठला? दादाच्या हायड्रोमीटरची पट्टी 0.990 पासून असते. ठरलेल्या तापमानाच्या साध्या पाण्यात घालायचा, बरोबर 1.000 आला पाहिजे. मापणाऱ्यालाच मापता येतं, तेही नळाच्या पाण्याने.

रविवारी दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. आप्पांचं त्याला माहीतच नव्हतं, तो तेव्हा शिकायला पुण्यात होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी एकदाही पाण्यात घालून बघितला नाही रे. तिन्ही."

असो. चौथा मंगळवारी येतोय. पाण्यात किती दाखवतो ते कळवेल.