ब्राओझ घराणे

मध्ययुगीन इंग्लंड, वेल्स व आयर्लंड यांच्या इतिहासातील एक बलाढ्य अँग्लो-नॉर्मन सरदार घराणे. नॉर्मंडीतील ब्रिऊझ हे त्याचे मूळ गाव. त्यावरूनच घराण्यास हे नाव पडले. राजकृपेने वाढलेली सरंजामी सत्ता राजाची मर्जी फिरताच कशी कोसळे, याचे हे घराणे ठळक उदाहरण होय.

उदय : १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर घराण्याचा संस्थापक पहिला विल्यम यास ससेक्समधील ब्रँबरची जहागीर मिळाली. तेथे त्याने किल्ला बांधला. त्याचा मुलगा फिलिप याने अकराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सच्या सरहद्दीवरील रॅडनर व बिल्थ हे मुलूख हस्तगत केले. या सरहद्दीवरील सरदारांना आपल्या मुलखात किल्ले बांधणे, युद्ध करणे, न्यायदान करणे यांबाबत इतर सरदारांना नसलेली मोकळीक असे. फिलिपचा मुलगा विल्यम याने हेरफर्डचा अर्ल माइल्स याच्या बर्था या कन्येशी विवाह केला. तिचे भाऊ निपुत्रिक वारल्याने ब्रेकन व ॲबरगॅव्हेनी या जहागिरीही ब्राओझांकडे आल्या.

बर्थाचा मुलगा विल्यम (मृ. १२११) याच्या काळात घराण्याची सत्ता शिखरास पोहोचली. ११७५ मध्ये त्याने ग्वेंटचा वेल्श नायक सायसिल व त्याचे साथीदार यांना ॲबरगॅव्हेनीच्या किल्ल्यात बोलावून कपटाने ठार केले. या हत्याकांडामुळे वेल्श लोकांत त्याच्याविषयी दीर्घकाळ द्वेष राहिला. इंग्लंडचा राजा जॉन (कार. ११९९–१२१६) याचा तो प्रारंभी विश्वासू सरदार होता. १२०१ मध्ये जॉनने त्यास आयर्लंडमधील लिमरिकची जहागीर ५,००० मार्कांच्या बदल्यात दिली आणि १२०३ मध्ये वेल्समधील गावरचा प्रदेशही बहाल केला.

ऱ्हास : राजगादीचा प्रतिस्पर्धी हक्कदार असलेला जॉनचा पुतण्या आर्थर १२०२ मध्ये मिरबो येथे पकडला गेला व १२०३ मध्ये कैदेतून कायमचा नाहीसा झाला. विल्यम त्या सुमारास राजाच्या निकटच्या वर्तुळात होता. लिमरिकच्या रकमेपैकी फारच थोडी रक्कम त्याने भरली होती. थकबाकीच्या वसुलीसाठी राजाने त्याच्या जहागिरी व किल्ले ताब्यात घेतले आणि ओलीस म्हणून त्याचे मुलगे मागितले. पुतण्याला मारणाऱ्या राजाच्या हाती आपण मुले देणार नाही, असे विल्यमची पत्नी मॅटिल्डा हिने राजदूतांना ऐकविले, असे बखरकार रॉजर ऑफ वेंडोव्हर सांगतो. पुढे हे कुटुंब आयर्लंडमध्ये पळून गेले. १२१० मध्ये जॉनने तेथे मोहीम काढली, तेव्हा मॅटिल्डा व तिचा थोरला मुलगा स्कॉटलंडच्या बाजूस निसटले. परंतु ते गॅलोवे येथे पकडले गेले व राजाच्या कैदेत उपासमारीने मरण पावले. विल्यम फ्रान्समध्ये परागंदा झाला आणि १२११ मध्ये तेथेच वारला.

आपली कारवाई राज्याच्या रूढीस व राजकोषाच्या कायद्यास धरूनच होती, असे जॉनने १२१० मध्ये जाहीर केले. राजाला देय असलेल्या कर्जाचा शस्त्रासारखा उपयोग होऊ शकतो, ही जाणीव या प्रकरणाने सरदारवर्गास करून दिली. समकक्षांच्या कायदेशीर निर्णयावाचून वा देशाच्या कायद्यावाचून कोणाही स्वतंत्र माणसास कैद करू नये अगर त्याची मालमत्ता हिरावू नये, असे १२१५ च्या मॅग्ना कार्टाचे ३९ वे कलम सांगते. त्यामागील असंतोषात ब्राओझांच्या शोकांतिकेचा वाटा होता, असे अनेक इतिहासकार मानतात.

विल्यमचे मुलगे हेरफर्डचा बिशप जाइल्स व रेजिनल्ड यांनी गेलेल्या मुलखापैकी बराच भाग परत मिळविला. तथापि रेजिनल्डचा मुलगा विल्यम यास वेल्श राजा लुएलिन याने आपली पत्नी जोन हिच्याशी असलेल्या संबंधांवरून १२३० मध्ये फाशी दिले. त्यास चार मुलीच असल्याने सरहद्दीवरील जहागिरी मॉर्टिमर, बोहन इ. घराण्यांत विभागल्या गेल्या. ब्रँबर व गावर येथील शाखेतही पुढे पुत्र वारस उरला नाही. या शाखेच्या शेवटच्या विल्यमने आपल्या हयातीतच गावरच्या विक्रीचा घाट घातला. त्यातून राजा दुसरा एडवर्ड याचा मर्जीतील ह्यू डिस्पेन्सर व सरहद्दीवरील सरदार यांच्यात वाद पेटला आणि १३२१ मध्ये यादवी उद्भवली. १३२६ मध्ये हा विल्यम मरण पावला व घराण्याची सरदारकी संपुष्टात आली.