जल-स्कीइंगमधील दोरमुक्ती

जल-स्कीइंग म्हणजे वेगाने जाणाऱ्या यांत्रिक नौकेमागे दोर धरून, पायांत बांधलेल्या फळ्यांच्या आधारे पाण्यावरून घसरत जाण्याचा क्रीडाप्रकार. वळणमार्ग, उडी व कसरती हे त्याचे तीन प्रमुख विभाग होत. पहिल्या दोहोंत तोल गेल्यास क्रीडापटूने मूठ सोडली, की नौकेशी असलेला त्याचा संबंध तुटतो. कसरतींच्या एका गटात मात्र दोर हातात नसून पायात अडकविलेला असतो आणि पायाला मूठ उघडता येत नाही. तेथे दोर सोडविण्याचे काम नौकेतील दुसऱ्या व्यक्तीकडे जाते.

या खेळाचा आरंभ अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सीमेवर, मिसिसिपी नदीच्या रुंदावलेल्या पात्रामुळे बनलेल्या पेपिन सरोवरावर झाला. राल्फ सॅम्युएलसन (१९०३–७७) हा तरुण अनेक अपयशी प्रयत्नांनंतर २ जुलै १९२२ रोजी, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, पाण्यावर उभा राहिला. पाइनच्या फळ्यांची टोके त्याने उकळत्या पाण्यात मऊ करून वाकविली होती. दोर खिडक्यांच्या तावदानांसाठी वापरतात तसला, सु. ३० मी. लांबीचा होता आणि धरावयास लोखंडी कडी होती. त्याने एकस्व घेतले नाही. ते १९२५ मध्ये फ्रेड वॉलर याने स्वतःच्या फळ्यांसाठी घेतले (सिनेरामा ही रुंद पडद्याची चित्रपटपद्धती पुढे याच गृहस्थाची), आणि सॅम्युएलसनचा मान १९६६ पर्यंत अमेरिकेतच दुर्लक्षित राहिला. अमेरिकन वॉटर स्की असोसिएशन १९३९ मध्ये स्थापन झाली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा फ्रान्समधील झ्वां-ले-पँ येथे १९४९ मध्ये झाली. म्यूनिक ऑलिंपिकमध्ये (१९७२) हा खेळ प्रात्यक्षिकापुरता होता.

कसरतींसाठी क्रीडापटूला प्रत्येकी २० सेकंदांच्या दोन फेऱ्या मिळतात. प्रत्येक कसरतीला ठराविक गुण असल्याने एक फेरी हाताने व दुसरी पायाने घेण्याचा प्रघात आहे. पायाच्या फेरीत एक पाय रुंद, तळाला पाते नसलेल्या फळीवर असतो. मोकळे पाऊल दोराच्या दांड्याला जोडलेल्या पट्ट्यात घालून त्यावरच गिरक्या घेतल्या जातात. नौकेचा वेग ताशी ३० किमी. धरल्यास ती सेकंदाला आठ मीटरहून अधिक पुढे जाते. पडलेल्या माणसाला अर्धा सेकंद जरी एका पायाने ओढले, तरी गुडघ्याच्या अस्थिबंधांना व मांडीच्या मागील स्नायूंना गंभीर इजा पोहोचू शकते.

सुटका करणारे साधन दिसण्यात अगदी साधे असते. नौकेतील खांबावर बिजागरीची एक आकडी असते. दोराची कडी तीत अडकवितात आणि आकडी एका खिळीने रोखलेली असते. खिळीला बांधलेली दोरी ओढली, की आकडी उलटते व कडी निसटते. गोठ्यात बैल बांधताना शेतकरी निरगाठ न मारता सुरगाठ मारतो, त्यामागील हेतू हाच. परंतु सुरगाठही ताण वाढला की आवळते. येथे तर ताण सर्वाधिक असतानाच सुटका व्हावयास हवी, म्हणून गाठीवर भिस्त ठेवता येत नाही. कसरतीचा दोर कमी ताणला जाणारा असतो. लवचिक दोर सुटताच उसळण्याचा धोका असतो. खिळीची दोरी हाताला गुंडाळून घेणे अर्थातच टाळावे.

खरा प्रश्न यंत्राचा नसून ती दोरी धरणाऱ्याचा आहे. दोर लवकर सोडला तर सावरू पाहणाऱ्या क्रीडापटूची फेरी वाया जाते. उशिरा सोडला तर पाय जातो. दोर सोडणारा माणूस क्रीडापटूने स्वतः निवडावा अशी स्पर्धांतील रीत आहे, आणि त्याच्या चुकीबद्दल फेरी पुन्हा मिळत नाही. चालकानेच हे काम करणे हा पर्याय सोयीचा वाटला, तरी सयुक्तिक नाही, कारण त्याची दृष्टी पुढे असावयास हवी. ठराविक ताणाला आपोआप सुटणाऱ्या साधनांची अडचण वेगळी आहे : जोरदार गिरकीतला झटका पडण्याच्या झटक्याइतकाच तीव्र असू शकतो, व यंत्राला त्यांतील भेद कळत नाही. नवशिक्याने प्रथम जमिनीवर, झाडाला बांधलेल्या दोरावर पायाचा तोल साधावा. पाण्यात उतरल्यावर त्याचा सोबती शंका येताच खिळी ओढणारा असावा. गुण हा त्यावेळी विचारात घेण्याचा विषयच नव्हे.

कसरतींना संथ पाणी लागते. महाराष्ट्रात असा विस्तार मुख्यतः धरणांच्या जलाशयांत मिळतो. गोदावरीवर १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाचा नाशिकनजीकचा जलाशय त्यांपैकी एक. तेथे नौकाविहाराची सोय झाली आहे. तथापि नाशिक शहराचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येत असल्याने इंधनावरील वेगवान नौकांच्या वापराला साहजिकच मर्यादा येतात. राज्यात नौकेमागे ओढले जाण्याचा अनुभव सर्वसामान्य पर्यटकाला मिळतो तो बहुधा कोकण किनाऱ्यावर, हवाछत्री किंवा हवेने फुगविलेल्या तराफ्याच्या रूपाने. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत यांत्रिक नौका चालविण्याचे व जीवरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने जमीन, पाणी व हवा या तिन्ही क्षेत्रांतील व्यावसायिकांना नोंदणी व सुरक्षाविषयक अटी लागू केल्या. मागे ओढल्या जाणाऱ्या माणसाकडे तोंड करून बसलेला, दुसरे कोणतेही काम नसलेला निरीक्षक नौकेत आहे किंवा नाही, हे मात्र पाण्यात उतरणाऱ्याने काठावर असतानाच पाहून घ्यावयाचे असते.