बाळकुम खाडीकाठ

बाळकुम खाडीकाठ : ठाणे शहराच्या उत्तर कडेचा, भरती-ओहोटीच्या पाण्यावर जगणारा पाणथळ पट्टा. कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्या उल्हास नदीचा एक अरुंद फाटा ठाण्याजवळ दक्षिणेकडे वळून ठाणे खाडीला मिळतो. मुख्य प्रवाह बाळकुम, कोलशेत, गायमुख, घोडबंदर असा वसईपर्यंत जातो. बाळकुम मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव असून आता ते ठाणे महानगरपालिकेत आहे; समोरच्या काठावर भिवंडीकडचे कशेळी. काठावर मुख्यतः तिवरांचे कांदळवन आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की तिवरांची बोटभर श्वसनमुळे वर आलेली दिसतात आणि त्यांच्यामधून निवट्या सरपटत, उड्या मारत चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खातात. बोय, कोळंबी, चिंबोरी आणि काठावरचे पक्षी यांच्या अन्नाची सुरुवात अशा थरापासून आणि कुजलेल्या तिवराच्या पाल्यापासून होते. खाडी सुदृढ आहे की आजारी, याचे उत्तर या पायाभूत अन्नात शोधले पाहिजे. एखाद्या देखण्या प्राण्याच्या शिरगणतीत ते मिळत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा मॅनेटी या जलचर सस्तन प्राण्याच्या अभ्यासातून मिळतो. मॅनेटी भारतात नाही. त्याच्या तीन जाती अमेरिका व पश्चिम आफ्रिकेच्या पाण्यांत आढळतात. फ्लोरिडाने १९७८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि बोटींच्या वेगावर निर्बंध घातले. संख्या वाढली आणि २०१७ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून खालच्या वर्गात आणले. त्यानंतर चारच वर्षांनी, २०२१ मध्ये, फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनेटी मेले. तिथल्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये मोठ्या संख्येने झालेल्या मृत्यूंचे कारण उपासमार होते. सांडपाणी व खतांतील नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शेवाळ माजले, पाणी गढूळ झाले, तळापर्यंत ऊन पोहोचेना आणि समुद्री गवताची कुरणे मेली. प्राण्याला संरक्षण होते, त्याच्या चाऱ्याला नव्हते. भारतातला त्याचा नातलग ड्यूगाँग, म्हणजे समुद्री गाय, हाही समुद्री गवतावर जगतो. तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात त्याच्यासाठी ४४८ चौ. किमी.चे राखीव क्षेत्र घोषित केले, ते ही कुरणे डोळ्यांसमोर ठेवूनच.

ठाण्यात मॅनेटीची जागा रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्याने घेतली आहे. ऐरोली व वाशी या पुलांच्या दरम्यानचे सुमारे १७ चौ. किमी. क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र लहान रोहित ज्या सूक्ष्म शेवाळावर जगतो, ते सांडपाण्यातल्या खतावर फोफावते. खाडीतल्या त्याच्या मोठ्या थव्यांमागे हेही एक कारण असावे, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. ज्या प्रदूषणाने फ्लोरिडात मॅनेटी उपाशी मारले, त्याच जातीचे प्रदूषण इथे रोहिताचे ताट भरते. त्यामुळे थवे मोठे झाले म्हणून खाडी सुधारली, हा निष्कर्ष टिकत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीचे कारखाने आणि वस्त्यांचे मैलापाणी यांचा भार वाहत उल्हास बाळकुमपर्यंत येते. इथे मिरवावा असा गुलाबी थवा नाही आणि हा काठ अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडतो.

शिरगणतीवर विसंबू नये, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की, रोहित नसता तर अभयारण्यही झाले नसते. ते खरे आहे. लोकांचे व सरकारचे लक्ष वेधायला असा प्राणी लागतो. पण लक्ष वेधणे निराळे आणि खाडीची प्रकृती मोजणे निराळे. दुसरा आक्षेप, ठाणे खाडीत तिवरे वाढली आहेत, मग चिंता कशाची? या वाढीमागे साचणारा गाळ आहे. तिवरे पुढे सरकतात तसा मोकळा चिखलपट्टा आणि वाहते पात्र आक्रसते, आणि मासेमारीची जागा कमी होते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : घोडबंदर रस्त्यावरची कोंडी फोडायला बाळकुम ते गायमुख असा सुमारे १३ किमी.चा खाडीकिनारी रस्ता हवा. ही गरज नाकारता येत नाही. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवून, केवळ सार्वजनिक हितासाठी आणि न्यायालयाच्या परवानगीनेच त्याला मुभा ठेवली. तोडीच्या बदल्यात रोपे लावता येतात, भरतीचे पाणी आत-बाहेर करण्याची वाट पुन्हा घडवता येत नाही. ती भरावाने अडली की मागचे जुने वनही सुकते. म्हणून रस्त्याची कसोटी किती झाडे तोडली-लावली ही नसून, पाण्याची वाट मोकळी राहिली का, ही असली पाहिजे.

राज्याच्या वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे आणि ठाण्यातील बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी खाडीतला गाळ, पाणी व जीवसृष्टी यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. म्हणजे खाडी कशी मोजावी, हे ठाण्याला ठाऊक आहे. बाळकुमच्या काठासाठी पाण्यातला प्राणवायू, गाळाची जाडी आणि कोळ्यांच्या जाळ्यात येणारी मासळी यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे, आणि मैलापाणी उल्हासच्या वरच्या अंगालाच शुद्ध करणे, हेच या पाणथळीचे खरे संवर्धन ठरेल.