फिदेलिस : इमानाचे नाव आणि शिंद्यांची फौज

‘फिदेलिस’ हे मूळचे लॅटिन पुरुषनाम. लॅटिनमध्ये ‘फिदेस’ म्हणजे विश्वास, दिलेला शब्द; त्यावरून झालेल्या या विशेषणाचा अर्थ ‘इमानी’. मराठीतील विश्वासराव हे त्याचे जवळचे भावंड म्हणता येईल.

व्यक्तिनाम म्हणून रूढ होण्यापूर्वी हा शब्द रोमन फौजेत बिरुद म्हणून वावरला. इ. स. ४२ मध्ये दाल्मातियाच्या सुभेदाराने बंड केले असता सम्राट क्लॉडियसशी एकनिष्ठ राहिलेल्या सातव्या व अकराव्या पलटणींना ‘पिया फिदेलिस’ हा किताब मिळाला. ख्रिस्ती परंपरेत पुढे याच नावाचे संत झाले. त्यांपैकी झिगमारिंगेनचे संत फिदेलिस १६२२ मध्ये हुतात्मा झाले. त्यांचा सण २४ एप्रिलला येतो. स्पॅनिश व फ्रेंचमध्ये नावाचे ‘फिदेल’ झाले. गोमंतकावर राज्य करणाऱ्या पोर्तुगीज राजांनाही १७४८ पासून पोपने दिलेली ‘परम इमानी’ ही पदवी याच शब्दाची.

मराठ्यांच्या इतिहासात मात्र या नावाला विचित्र योग आला. नेपल्सचा मायकेल फिलोज दौलतराव शिंद्यांच्या चाकरीत पलटणींचा सरदार होता. युरोपीय सरदार शब्दाला जागतात, अशी तेव्हा ख्याती होती. त्याने सुरक्षिततेचे वचन दिल्यामुळेच नाना फडणवीस ३१ डिसेंबर १७९७ रोजी पुण्यात शिंद्यांच्या भेटीस गेले आणि त्याच फिलोजच्या शिपायांनी त्यांना कैद केले. नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. ते सुटताच मायकेलने मुंबई गाठली.

त्याच्या पलटणी मुलांकडे आल्या. एकाचे नाव होते फिदेल. ऑक्टोबर १८०१ मध्ये इंदूरला यशवंतराव होळकरांशी लढाई झाली, त्या सुमारास फिदेलवर शत्रूशी संधान बांधल्याचा आळ आला. त्याला अटकेत टाकण्यात आले आणि तेथेच त्याने आत्मघात केला. आळ खरा होता की बापाच्या वचनभंगाची छाया मुलावर पडली, याचा निवाडा आज कठीण आहे.

दुसरा मुलगा जाँ बाप्तिस्त शिंद्यांच्या सेवेत टिकला आणि मोठ्या पदाला चढला. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी दिली, तेच आजचे लष्कर. फिलोज घराणेही तेथलेच झाले. ग्वाल्हेरचा १८७४ चा जयविलास राजवाडा उभारणारे मायकेल फिलोज याच घराण्यातले.