मूळ, अस्सल आणि नक्कल : एका रेसिंग बेंटलीची गोष्ट

समजा, तुमच्या लॅबमध्ये एक पंधरा वर्षं जुनं उपकरण आहे. त्याची एक्स-रे ट्यूब दोनदा बदललीय, डिटेक्टर एकदा, कॉम्प्युटर तीनदा. पंपाला तर हिशोबच नाही. तरीही आपण थिसिसमध्ये लिहिताना 'त्याच उपकरणावर मोजमापं घेतली' असं बिनधास्त लिहितो. हे वाक्य खरं आहे का?

प्रश्न ऐकायला तत्त्वज्ञानाचा वाटतो, आणि जहाजाची एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का, हे कोडं तुम्ही ऐकलंही असेल. पण याच प्रश्नावर १९९० साली लंडनच्या हायकोर्टात खराखुरा खटला चालला. एका गाडीवरून. पणाला लागलेली रक्कम होती १ कोटी पौंड. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असावी असं मला वाटतं. का, ते शेवटी सांगते. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

गाडी जिंकण्यासाठी होती, जपण्यासाठी नाही

बेंटली मोटर्स ही इंग्लंडमधली कंपनी, १९१९ मध्ये सुरू झालेली. फ्रान्समध्ये ल मां नावाच्या गावी २४ तासांची शर्यत होते. त्या काळी एकच गाडी, आळीपाळीने चालवणारे दोन ड्रायव्हर आणि अख्खा एक दिवस-रात्र असायचा. बेंटलीने ही शर्यत १९२४ मध्ये जिंकली आणि मग १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं जिंकली.

यातली १९२९ ची विजेती गाडी म्हणजे 'स्पीड सिक्स' मॉडेलची एक गाडी. सहा सिलिंडर, साडेसहा लीटरचं इंजिन. वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती चालवली. त्या वर्षी पहिले चारही नंबर बेंटलीचेच होते. पुढच्या वर्षी, १९३० मध्ये, बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन या जोडीने हीच गाडी घेऊन पुन्हा शर्यत मारली. तिला नाव पडलं 'ओल्ड नंबर वन'.

आता जरा मेकॅनिकच्या जागी उभे राहा. शर्यतीची गाडी २४ तास ताणून चालवली की काय होतं? ब्रेकचे लायनर संपतात. गिअरचे दाते झिजतात. सततच्या हादऱ्यांनी चासीच्या पोलादात बारीक तडे जायला सुरुवात होते, ज्याला आपण मटेरियल सायन्समध्ये 'फटीग' म्हणतो. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली बॉडी खिळखिळी होते. पुढची शर्यत काही महिन्यांवर असते. अशा वेळी मेकॅनिक 'हा भाग ऐतिहासिक आहे हो, राहू द्या' असं म्हणत नाही. काढतो, फेकतो, नवीन बसवतो. ल मां जिंकलेला अ‍ॅक्सल भंगारात जातो, आणि त्यात कुणाचीही चूक नसते.

१९३१ मध्ये बेंटली मोटर्स आर्थिक अडचणीत बुडाली आणि रोल्स-रॉईसने ती विकत घेतली. पण बार्नाटोची ही गाडी शर्यतीत राहिली. तिच्यात आता ८ लीटरचं मोठं इंजिन बसवलं गेलं. सप्टेंबर १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ५०० मैलांच्या शर्यतीत ती वळणाच्या चढाच्या माथ्यावरून बाहेर फेकली गेली. चालवत होता क्लाइव्ह डन्फी. तो जागीच गेला.

गाडी मोडली, पण टाकून दिली नाही. तिच्यापासून पुढे बंद छताची कूपे तयार झाली. मग मालक बदलले, दुरुस्त्या झाल्या, रूप बदललं आणि पुन्हा बदललं.

७ एप्रिल १९९०

या गाडीचे तेव्हाचे मालक एडवर्ड हबर्ड यांनी ती मिडलब्रिज सिमिटार नावाच्या कंपनीला विकायचं ठरवलं. ७ एप्रिल १९९० रोजी सौदा झाला. नंतर खरेदीदार मागे फिरला. त्याचं म्हणणं साधं होतं. ल मां जिंकलेली गाडी म्हणून तुम्ही मला ही विकताय, पण ल मां जिंकलेलं लोखंड यात आहे कुठे?

हबर्ड कोर्टात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे एका गाडीचा इतिहास सुट्या भागांसकट उलगडला गेला. कुठला भाग कधीचा, तो कधी बसला, कशाच्या जागी बसला.

इथे थोडं थांबू, कारण संशोधनाची पद्धत म्हणून हे फार शिकण्यासारखं आहे. जुन्या गाडीचं वय ठरवायला दोन प्रकारचे पुरावे असतात. पहिला पुरावा खुद्द वस्तूचा. चासीवर आणि इंजिनवर ठोकलेले नंबर, धातूचा प्रकार, ओतकामाच्या खुणा, एखाद्या भोकाची जागा. उदाहरणार्थ, बेंटलीच्या ८ लीटर इंजिनाचा क्रँककेस 'इलेक्ट्रॉन' नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असे. दुसरा पुरावा कागदाचा. सर्व्हिसच्या नोंदी, बिलं, शर्यतीचे फोटो, पत्रव्यवहार. यातला एकटा कुठलाही पुरावा पुरत नाही. नंबर नव्याने ठोकता येतो, आणि कागद दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. दोन्ही एकमेकांशी जुळले, तरच विधान टिकतं.

न्यायमूर्तींनी पुरावे तपासले आणि आधी खरेदीदाराच्या बाजूची गोष्ट मान्य केली. १९२९ ची शर्यत जिंकलेल्या गाडीतलं, काळ ठरवता येणार नाही अशा काही किरकोळ फिटिंग्जचा अपवाद सोडला, तर काहीही उरलेलं नव्हतं. १९३० च्या गाडीचा आकार तेवढा राहिला होता, आणि फार तर पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा कॉलम. म्हणजे 'मूळ' हा शब्द या गाडीला लावता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं.

आणि तरीही निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला!

त्यांचं तर्कशास्त्र असं. ही गाडी कुठल्याही एका दिवशी संपून दुसऱ्या दिवशी नवी झाली नव्हती. बदल होत गेले, पण असे हळूहळू की प्रत्येक नवा भाग चालू गाडीत सामावला गेला. सलग चार मोसम ती वरच्या दर्जाच्या शर्यतीत होती आणि प्रत्येक टप्प्यावर लोक तिला तीच गाडी म्हणून ओळखत होते. शिवाय जगात दुसरी एकही बेंटली नाही, जी 'ओल्ड नंबर वन' या नावावर हक्क सांगू शकेल. आणि सौद्यात फक्त धातू विकला जात नव्हता. तिचा इतिहास आणि तिची कीर्तीही विकली जात होती. म्हणून गाडी 'मूळ' नसली, तरी 'अस्सल' आहे.

मूळ आणि अस्सल. रोजच्या बोलण्यात आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. या खटल्यात त्या दोन शब्दांमध्ये १ कोटी पौंडांचं अंतर होतं.

तळ्यातली बुगाटी

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, इटलीच्या सीमेवर, माज्जोरे नावाचं तळं आहे. त्याच्या तळाशी एक १९२५ ची बुगाटी ब्रेशिया पडून होती. कस्टम ड्युटी भरली गेली नाही म्हणून अधिकाऱ्यांनी ती साखळीला बांधून पाण्यात सोडली आणि पुढे साखळी गंजून तुटली, अशी गोष्ट सांगतात. जवळजवळ सत्तर वर्षांहून जास्त काळ पाण्यात राहिलेली ही गाडी स्थानिक पाणबुड्यांनी २००९ मध्ये वर काढली. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ती २,६०,५०० युरोंना गेली.

अमेरिकन संग्राहक पीटर मलिन यांनी ती घेतली आणि काय केलं? काहीच नाही. गंजलेली, खंगलेली, अर्धी विरलेली गाडी त्यांनी आपल्या संग्रहालयात आहे तशीच मांडली.

का? कारण ती चकाचक केली असती, तर बरीचशी नवीच बुगाटी तयार झाली असती आणि तळ्यातल्या सत्तर वर्षांचा पुरावा पुसला गेला असता. गंज हीसुद्धा नोंदच आहे. कुठला भाग चिखलात होता, कुठला उघड्या पाण्यात, ऑक्सिजन कुठे कमी पोचला, हे तो गंज सांगतो.

मग प्रत्येक जुनी गाडी अशीच ठेवायची का? तसंही नाही. गाडी चालवली तर झिजते आणि न चालवली तरी बिघडते. उभ्या गाडीतलं पेट्रोल चिकट होतं, रबराचे सील वाळून चिरतात, ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर जुन्या रबरी पाइपांना मानवतच नाही. म्हणजे जपणं म्हणजे हात न लावणं नव्हे. कधी हात लावायचा आणि कधी नाही, हे ठरवणं म्हणजे जपणं.

याचे नियम आता लिहिले गेलेत. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हिने २०१२ मध्ये 'तुरीन चार्टर' मंजूर केला. त्याचा आधार १९६४ चा 'व्हेनिस चार्टर', जो मुळात जुन्या इमारतींसाठी होता. व्हेनिस चार्टरमधलं एक तत्त्व मी माझ्या टेबलासमोर लिहून ठेवलंय : जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि तुरीन चार्टरचा रोख असा, की जे काही बदलाल त्याची नोंद ठेवा, आणि नव्या भागावर टिकाऊ खूण करा, म्हणजे पन्नास वर्षांनी तो कुणाला जुना वाटायला नको.

आता माझी चूक

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ऑक्साइडच्या नमुन्यांचं एक्स-रे डिफ्रॅक्शन करत होते. डोपिंग वाढवलं की पीक खालच्या कोनाकडे सरकत होते, म्हणजे स्फटिकाची जाळी फुगतेय. अगदी अपेक्षेप्रमाणे. मी खूश, सर खूश. पेपरचा मसुदासुद्धा तयार झाला.

मग एका ज्युनिअरने सहज सिलिकॉनचा स्टँडर्ड नमुना लावून बघितला. सिलिकॉनचे पीकसुद्धा सुमारे ०.१ अंशाने सरकलेले! सिलिकॉनमध्ये मी काही डोप केलेलं नव्हतं.

शोध घेतल्यावर कळलं, की नमुना ठेवायचा होल्डर मधल्या काळात बदलला गेला होता. नव्या होल्डरमध्ये नमुना ठरलेल्या पातळीच्या किंचित खाली बसत होता. तेवढ्यानेही पीक खालच्या कोनाकडे सरकतात. मग प्रश्न आला, होल्डर नेमका कधी बदलला? आधीची मोजमापं कुठली, नंतरची कुठली? लॉगबुक काढलं. त्यात एकच ओळ होती : 'होल्डर ठीक केला.' तारीख नाही, काय ठीक केलं ते नाही.

अक्षर माझंच होतं.

चार महिन्यांची मोजमापं पुन्हा घ्यावी लागली. जाळी फुगत होती, पण आधी वाटलं त्यापेक्षा बरीच कमी. मसुदा मागे घेतला. होल्डर बदलणं ही चूक नव्हतीच, जुना तुटला होता. बेंटलीच्या मेकॅनिकनेही तुटलेला भाग बदललाच ना! पण त्या गाडीच्या बदलांची साखळी कोर्टात मांडता आली, आणि मला माझी चार महिन्यांची साखळी सरांसमोरसुद्धा मांडता आली नाही.

म्हणून, संशोधनाला लागण्याआधी

न्यायमूर्ती ऑटन यांचे शब्द आपल्या कामाला लावून बघा. उपकरणातून आला तसा कच्चा डेटा म्हणजे मूळ. तो वेगळा ठेवा आणि त्यावर कधीही काम करू नका, कॉपीवर करा. दुरुस्त्या केलेला, गाळलेला, बेसलाइन वजा केलेला डेटा मूळ राहत नाही, पण प्रत्येक पायरीची नोंद असेल तर तो अस्सल असतो. त्यावर पेपर लिहिता येतो. आणि नोंद हरवल्यावर 'बहुतेक असंच केलं होतं' म्हणून आठवणीतून जुळवलेला डेटा ही नक्कल. ती कितीही हुबेहूब असली, तरी तिथे अंदाज सुरू झालेला असतो. तिथे थांबायचं आणि मोजमाप पुन्हा घ्यायचं.

नोंद कशी असावी? तारीख. काय काढलं. काय बसवलं. का. आणि बदलाच्या आधी व नंतर स्टँडर्ड नमुन्याचं एकेक मोजमाप. पाच गोष्टी, पाच मिनिटं. 'ठीक केलं' हा शब्द लॉगबुकमधून कायमचा हद्दपार करा. त्याच्यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, आणि तो पुढचा माणूस बऱ्याचदा आपणच असतो.

आमच्या त्या होल्डरवर आता मी एक छोटी खूण कोरलीय आणि शेजारी बसवल्याची तारीख. तुरीन चार्टर वाचल्यावर सुचलेली कल्पना आहे ही. येणारे ज्युनिअर विचारतात, हे कशाला? मी त्यांना बेंटलीची गोष्ट सांगते.