ओसिराकचा अर्धाच दाखला

जून 2025 मध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणच्या नतान्झ, फोर्डो, इस्फहानवर बॉम्ब टाकले आणि आपल्याकडच्या चर्चांत ओसिराकचा दाखला पुन्हा निघाला. 7 जून 1981 रोजी इस्रायलच्या आठ एफ-16 विमानांनी बगदादजवळ तुवैथा इथली फ्रेंच बनावटीची ओसिराक अणुभट्टी उडवली आणि सद्दामचा बॉम्ब तिथेच गाडला गेला. तेव्हा शत्रूचे अण्वस्त्र तयार होण्याआधीच घाव घालावा, हा पूर्वपक्ष. ‘आपणही पाकिस्तानचे कहुटा अणुकेंद्र उडवायला हवे होते’ हे शेपूट त्याला ठरलेलेच.

या पक्षात तथ्य नाही असे नाही. 1991 च्या आखाती युद्धात सद्दामकडे बॉम्ब नव्हता. 2007 मध्ये इस्रायलने सीरियातली भट्टी पाडली, तीही पुन्हा उभी राहिली नाही. मात्र सीरियाची भिस्त उत्तर कोरियाच्या मदतीवर होती. इराककडे स्वतःच्या शास्त्रज्ञांची फळी होती, आणि दाखला कोसळतो तो इथे.

सद्दामची नियत साफ होती असे कोण म्हणेल? पण ओसिराकचे इंधन फ्रान्सकडून यायचे, फ्रेंच तंत्रज्ञांचा तिथे वावर होता आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तपासणीला येत. एवढ्या नजरा चुकवून प्लुटोनियम काढणे सोपे नव्हते. हल्ल्याने भट्टी गेली, तशा या नजराही गेल्या. सद्दामच्या कैदेत असलेले भौतिकशास्त्रज्ञ जाफर धिया जाफर काही महिन्यांत सुटले आणि युरेनियम समृद्धीकरणाच्या गुप्त कामाचे सूत्रधार झाले. त्यांनी हाती घेतलेल्या मार्गांतला मुख्य मार्ग कॅल्युट्रॉनचा. अजस्र लोहचुंबकांनी युरेनियमचे अणू वेगळे करणारी ही यंत्रे. हिरोशिमाच्या बॉम्बसाठी अमेरिकेने ती वापरली आणि वीज फार खातात म्हणून पुढे मोडीत काढली. असले जुनाट तंत्र कुणी उकरून काढील, ही शंका पाश्चात्त्य हेरखात्यांच्या मनालाही शिवली नाही.

1991 मध्ये इराकवर सहा आठवडे बॉम्ब पडले, तरी बॉम्बच्या रचनेचे काम जिथे चालायचे ते अल अथीर जवळजवळ शाबूत राहिले. खरा पसारा उघडा पडला तो युद्धानंतर, पायी हिंडणाऱ्या निरीक्षकांमुळे. त्या जूनमध्ये फलुजाजवळ कॅल्युट्रॉनचे भाग लादलेले ट्रक घाईघाईने निघाले, निरीक्षक त्यांचे फोटो काढू लागले आणि त्यांना रोखायला इराकी सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या. अल अथीर 1992 मध्ये पाडले गेले, तेही निरीक्षकांच्याच देखरेखीखाली. ज्या हल्ल्याने प्रश्न ‘मिटला’ म्हणतात, त्याच्या दहा वर्षांनंतरची ही हकीकत.

करार तरी कुठे टिकतात, असा आक्षेप येईल. उत्तर कोरियाशी 1994 मध्ये झालेल्या करारामुळे योंगब्योनची भट्टी आठ वर्षे बंद होती. तो 2002 मध्ये मोडल्यावर चार वर्षांत उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली. इराणवर 2015 च्या कराराने 3.67 टक्के समृद्धीकरणाची मर्यादा होती. 2018 मध्ये अमेरिका बाहेर पडली आणि 2021 मध्ये इराण 60 टक्क्यांवर गेला. करार ठिसूळ असतात, मान्य. पण ते चालू असेतो माल कुठे आहे हे कळत होते. 2025 च्या हल्ल्यांनंतर निरीक्षकांना इराण सोडावा लागला आणि 60 टक्के समृद्ध अशा 400 किलोंहून अधिक युरेनियमचा साठा कुठे आहे, हे त्यांना पडताळता येईना.

आता कहुटाचे शेपूट. कहुटावर बॉम्ब पडले असते, तर उत्तरादाखल तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र पाकिस्तानच्या डोळ्यांसमोर होतेच, आणि त्याला खेटून चेंबूरची दाट वस्ती. दिल्ली आणि इस्लामाबादने हा हिशेब वेळीच मांडला. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याच्या करारावर 31 डिसेंबर 1988 रोजी सह्या झाल्या. त्या करारानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी परस्परांना देतात. कारगिलच्या युद्धानंतरही ती दिली गेली.